खालच्या शहराचा आवाज

काका : नाही, माझं म्हणणं लिहून घ्या. दिवेवालीने आता तरी दिवे लावणं बंद करावं. अर्धी कादंबरी संपली. ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब आता चालायची नाही.

बटणराव : लिहितोय, काका. पण तिने दिवे लावणं बंद केलं तर उरलेली बारा प्रकरणं ताईंनी काय वाचायचं आणि मी काय रेकॉर्ड करायचं?

काका : तुम्ही बटणं दाबा, बटणराव. गोष्टीचं लेखक बघेल. वरच्या शहरात ही मंत्र म्हणून एक दिवा लावते, की खालच्या शहरात एक विझतो. तिथे हुबेहूब हिच्यासारखीच एक पोरगी विझलेला कंदील घेऊन जिना उतरतेय. हे हिला नवव्या प्रकरणात कळलं. आणि अकराव्यात बाईसाहेब पुन्हा काठी घेऊन निघाल्या!

ताई : तिच्या गल्लीत म्हातारी माणसं आहेत, काका. पायऱ्या मोडक्या आहेत. दिवा नसेल तर कुणीतरी पडेल.

काका : आणि खाली कुणी पडत नाही वाटतं? मी जन्मापासून अंधारात आहे, मला अंधाराची भीती घालू नका. अंधाराची सवय असणं वेगळं आणि असलेला उजेड कुणी न विचारता नेणं वेगळं. मला राग त्याचा येतो.

ताई : राग मलाही येतो. पण तिची वाक्यं रोज माझ्या तोंडून जातात. थोडी बाजू घेणारच ना मी.

बटणराव : आपल्या अंधांच्या ग्रंथालयातल्या बाकीच्या श्रोत्यांचंही ऐका. बारा प्रकरणं बाहेर गेल्यापासून फोन थांबत नाहीत. मालिशवाले म्हणतात, जादू कमी करा, भांडणं वाढवा. सुतारकाम शिकवणारे म्हणतात, दोन शहरांमधलं दार फक्त खालूनच उघडतं हे पटत नाही, दाराला दोन्हीकडून कडी पाहिजे.

काका : सुताराला दुसरं काय सुचणार!

बटणराव : आणि ही शाळेतली मुलगी, जाड चष्म्याची. म्हणते, ‘मी आधी वरच्या शहराची सहा प्रकरणं सलग ऐकली, मग खालच्या शहराची सहा. खूप मजा आली.’ आता याला काय म्हणावं? लेखकाने बिचाऱ्याने एक वरचं, एक खालचं असं घासून-पुसून रचलंय, आणि ही निवडून खातेय!

काका : कान तिचे आहेत. ते सोडा, बाई, मला तुम्हाला दाद द्यायचीय. खालच्या पोरीचा आवाज! आठव्या प्रकरणापासून काय थकवा आणलाय तुम्ही त्यात. वाक्याआधी आवंढा. दहाव्यात आवाज मध्येच चिरकतो. बाराव्यात ती कडीला हात लावते, ती ओळ तर नुसता वारा. तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसलो मी. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो ना, त्यावरून ओळखायचो कोण आहे ते. पण असा अभिनय नाही ऐकला कधी.

ताई : काका.

काका : आता स्तुती केली तर ऐकून घ्या.

ताई : तो अभिनय नव्हता.

बटणराव : म्हणजे?

ताई : पंखा बंद करा जरा. मोठ्याने बोलता येत नाही. स्वरतंतूवर गाठ आहे. दिवेवालीचा खालच्या पट्टीतला आवाज अजून निघतो, पोरीचा बारीक आवाज लावला की चिरकतो. साधी आहे, जिवाला धोका नाही. पुढच्या सोमवारी ऑपरेशन.

बटणराव : सर्दी म्हणाला होतात! बाराव्या प्रकरणाचे सतरा तुकडे जोडले मी. मला वाटलं माइक गेला. माइक बदलला. मग वायर बदलली. आवाज अडवायच्या भिंतीच्या गाद्यासुद्धा उन्हात टाकल्या, म्हटलं ओल धरली असेल. आणि तुम्ही समोर बसून बघत होतात!

ताई : तुम्हाला कळलं असतं तर खोलीला कुलूप लावलं असतं तुम्ही.

बटणराव : लावलंच असतं! पाच वर्षं लावलं असतं!

काका : ओरडू नका. चूक माझी जास्त आहे. माणूस दुखण्याने कण्हत होता आणि मी घरी बसून वाहवा करत होतो. बाई, डॉक्टर बोलायला देतात का तुम्हाला?

ताई : दिवसाला वीस मिनिटं वाचन, तेही मी हटून बसले म्हणून. आजची वीस अजून शिल्लक आहेत, ती मला गप्पांत घालवायची नाहीत. बटणराव, ही माझी पाटी. मी लिहिते, तुम्ही काकांना वाचून दाखवा.

बटणराव : मी वाचून दाखवू? तुम्हाला?

काका : वाचा हो. एकोणीस वर्षं त्या वाचतायत, पाच मिनिटं तुम्ही वाचा.

बटणराव : लिहितायत... ‘घरी दोन आठवडे अशीच बोलते. नवरा म्हणतो, लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता पहिल्यांदाच. विनोद करतो आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून बसतो.’

काका : ऑपरेशननंतर?

बटणराव : ‘एक महिना तोंड बंद. मग आवाज येईल. पण हाच येईल असं डॉक्टर सांगत नाहीत. बहुतेक जाड येईल, खरखरीत.’ ताई, मग विषयच संपला. मी आजच कार्यालयात सांगतो. पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी देऊ. एका पुस्तकाला एकच आवाज हा आपला नियम आहे, तेव्हा नवीन माणूस पहिल्यापासून वाचेल. तुम्ही घरी जा, झोपा, गरम पाणी प्या.

काका : काय लिहिलं?

बटणराव : एकच शब्द. ‘नाही.’ खाली दोन रेघा मारल्यात.

काका : बाई, हट्टाला जागा असते. तुमचा गळा मोठा की पुस्तक?

बटणराव : लिहितायत. ‘गळ्याचं जे करायचं ते डॉक्टर करणार आहेत. ते मी सगळं ऐकतेय. पण अर्धं पुस्तक टाकून मी त्या टेबलावर झोपणार नाही. मला भीती वाटते, काका. बाहेर येईन तेव्हा कोण बोलेल माझ्या तोंडून, कळत नाही. परत यायला काहीतरी अर्धवट ठेवलेलं हवं, पण नीट ठेवलेलं. असं फेकलेलं नको.’

काका : हं.

बटणराव : काका, तुम्ही तरी समजवा.

काका : मी हिशोब करतोय. आज मंगळवार. रविवारपर्यंत सहा दिवस. प्रकरण वीस मिनिटांचं. म्हणजे सहा प्रकरणं, अठराव्यापर्यंत. एकोणिसावं वरच्या शहराचं. तिथे दिवेवाली तोंड उघडेल आणि दुसरीच बाई बोलेल. लोक फोन करतील, आमची दिवेवाली कुठे गेली म्हणून. नाही जमत, बाई.

बटणराव : ‘त्या चष्मेवालीचं परत वाचा.’ कुणाचं? अच्छा. ‘आधी वरच्या शहराची सहा प्रकरणं सलग ऐकली, मग खालच्या’... नाही. नाही हं, ताई!

काका : थांबा, थांबा. उरलेल्यांत वरची किती?

बटणराव : सहा. तेरा, पंधरा, सतरा, एकोणीस, एकवीस, तेवीस. पण असं कुणी वाचतं का? बाराव्याच्या शेवटी खालच्या पोरीचा हात कडीवर आहे! चौदाव्यात दार उघडलं की नाही ते ऐकायच्या आधी मी पंधरावं ऐकू? मी या काचेमागे बसून आजवर एकाही पुस्तकाचं पुढचं पान उलटलेलं नाही. ताई वाचतील तेव्हाच मला कळतं. तेवढीच एक चैन आहे मला इथे.

काका : काय म्हणतात?

बटणराव : ‘बटणराव रडवेले झालेत.’ हे मी वाचणार नाही.

काका : वाचलंत की.

बटणराव : आणि समजा, ताई, नंतर आवाज आलाच नाही मनासारखा? मग? एक शहर तयार, दुसरं अर्ध्यावर. ... हे बरंच लिहितायत. ‘मनासारखा यायला नकोच. जो येईल तो खालच्या पोरीचा. तिचा आवाज दुसऱ्या प्रकरणात नीट होता, आठव्यात थकला, बाराव्यात गेला. चौदाव्यात वेगळा आला तर काय बिघडलं? खरखरीत आला तर खरखरीत. इतकी वर्षं कंदिलाची काजळी गिळतेय, तिथे कोण गोड बोलणार आहे?’

काका : अहो, हे तर बरोबर आहे. बटणराव, हे बरोबर आहे!

बटणराव : लोक फसतील. त्यांना वाटेल मुद्दाम केलंय.

काका : मी नाही का फसलो? चांगला फसलो. आणि शेवटचं प्रकरण कुणाचं आहे, चोविसावं?

बटणराव : खालच्या शहराचं.

काका : म्हणजे पुस्तक संपवणार तो नवा आवाज. झालं तर मग. रविवारी ग्रंथालय बंद असतं, किल्ली कुणाकडे?

बटणराव : माझ्याकडे. ठीक आहे, पण माझी अट आहे. वीस म्हणजे वीस मिनिटं. घड्याळ मी लावणार. एकविसावं मिनिट लागलं की वाक्य अर्धं असलं तरी मी वीज तोडणार. आणि खोट्या सर्द्या बंद.

काका : काय लिहिलं?

बटणराव : ‘कबूल.’ आणि पाणी गरम करायला सांगतायत.

काका : आणि माझी मघाची प्रतिक्रिया खोडा. लिहा, दिवेवालीने दिवे लावावेत, पण मोजून सहा. मग स्वतः खाली जावं आणि तिथे काय झालंय ते बघावं.

बटणराव : लिहिलं. चला ताई, आत बसा. तेराव्याची पानं सुटी करून ठेवलीत, आवाज होणार नाही. चौदावं मी कपाटात कुलपात टाकतोय, नाहीतर माझाच भरवसा नाही.

(दोन महिन्यांनंतर. तीच खोली.)

बटणराव : काका, तिथे भिंतीला टेकून बसा. खोकू नका. खुर्ची करकरते, हलू नका.

काका : मी काय पहिल्यांदा येतोय? किल्ली फिरल्याचा आवाज आला मला. उघडलंत का कुलूप?

बटणराव : आत्ता उघडलं. ताईंच्या हातात दिलं. एक ओळसुद्धा पाहिली नाही, शप्पथ. दोन महिने त्या पोरीचा हात कडीवर आहे, काका. आता माझाच हात दुखायला लागला.

काका : त्या आल्यापासून एक शब्द बोलल्या नाहीत.

बटणराव : माझ्याशीही नाही. पाटी घरी ठेवून आल्यात. खुणेने सांगितलं, नव्या आवाजातलं पहिलं वाक्य इथेच. पंखा बंद. घड्याळ वीस मिनिटांवर. ताई, तुम्ही मान हलवलीत की सुरू करतो.

ताई : काका, मी आहे. ओळखलंत का?

काका : श्वास घेतलात तेव्हाच ओळखलं. वाचा.