फळ्यावरची राजधानी

माझं माहेर पाचोऱ्याजवळच्या खेड्यातलं. वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे, शिक्षण चौथीपर्यंत, पण रविवारी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर बसून आठवड्याभराचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे, आणि परदेशातलं एखादं नाव आलं की थांबून आम्हा भावंडांना विचारायचे, हे कुठं आलं, सांगा बरं. आम्हाला यायचं नाही. त्यांनाही यायचं नाही. त्यामुळे असेल, पोस्टमनचं स्थळ आलं तेव्हा मी एवढंच विचारलं, त्यांच्या घरी जगाचा नकाशा आहे का. होता, भिंतीभर होता.

लग्न होऊन भडगावला आले आणि पुढे इथल्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम लागलं, ते आजही करते. वाचनालयाच्या दारात एक फळा होता, त्यावर कुणीतरी सुविचार लिहायचं आणि तोच सुविचार महिनाभर राहायचा. ह्यांनी विचारलं, मी लिहू का. मग टपाल वाटायला निघण्याआधी हे त्यावर एक प्रश्न लिहायचे आणि संध्याकाळी त्याच्याखाली उत्तर. जगातलं सगळ्यात खोल सरोवर कोणतं, तीन हृदयं कोणाला असतात, असले प्रश्न. समोर चहाची गाडी लावणारे नाना ह्यांना सायकलवर बघितलं की विचारायचे, भाऊ, आज कोनता देश शे? आणि हे म्हणायचे, सांजले सांगसू नाना. निवृत्त झाल्यावरही ते चुकलं नाही.

काय सांगू तुम्हाला, एक पद्धत ह्यांनी अशी पाडली होती की उत्तरात चूक निघाली तर जो ती काढेल त्यानंच स्वतःच्या हातानं फळ्यावर दुरुस्त करायचं आणि खाली आपलं नाव लिहायचं. संध्याकाळी हे फळ्यासमोर उभे राहून ती दुरुस्ती मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, मी चुकलो होतो. आणि तोच प्रश्न एक-दोन वर्षांनी पुन्हा घालायचे, कुणाच्या डोक्यात चुकीचं राहू नये म्हणून.

एकदा प्रश्न होता कझाकस्तानच्या राजधानीचा. ह्यांनी लिहिलं आस्ताना. पुस्तकं बांधून देणारे आमचे बाइंडर आहेत, त्यांची शमीम तेव्हा कॉलेजात होती. ती माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, अक्का, ते नाव बदललं, आता नूर-सुलतान आहे. मी म्हटलं, मला नको सांगू, भाऊंना सांग. ती घाबरत घाबरत गेली आणि ह्यांनी तिच्या हातात खडू दिला. नाना चहा गाळता गाळता म्हणाले, भाऊ, पोरीनं तुम्हाले राजधानीतून हाकललं. हे इतके हसले त्या दिवशी.

पुढे ठरल्याप्रमाणे तोच प्रश्न ह्यांनी पुन्हा घातला. संध्याकाळी खाली नूर-सुलतान लिहिलं, हात झटकले, घरी येऊन खिचडी खाल्ली. सकाळी उठलेच नाहीत.

तो फळा मी पुसू दिला नाही. अक्षर होतं ते ह्यांचं. घरी वह्या आहेत, पत्रं आहेत, पण शेवटचं ते. मी त्याच्यावर प्लॅस्टिक लावून घेतलं, कुणी काही बोललं नाही, लोक चांगले आहेत इथले. मी कामाला येताना रोज क्षणभर थांबायचे आणि मग कुलूप काढायचे.

असेच काही महिने गेले. शमीम आता स्पर्धा परीक्षेसाठी आमच्याच अभ्यासिकेत बसते. एके दिवशी ती टेबलाशी आली, हातातलं पुस्तक परत केलं. मग म्हणाली, अक्का, ते नाव परत बदललं. पुन्हा आस्तानाच केलं त्यांनी. मी म्हटलं, राहू दे, सगळ्यांना कळतं तो फळा कशासाठी ठेवलाय. ती गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली. म्हणाली, सराव परीक्षेत एका मुलीनं नूर-सुलतान लिहिलं, मी विचारलं तर म्हणाली, भाऊंच्या फळ्यावर आहे ना.

मग मला बसवेना. आयुष्यभर ज्या माणसानं एक चूक रात्रभर राहू दिली नाही, त्याच्या नावावर मी चूक सांभाळत बसले होते.

प्लॅस्टिक मीच काढलं. शमीमला खडू दिला तर म्हणाली, लिहीन मी, पण पुसायला सांगू नका. म्हणून ओल्या फडक्यानं मी पुसलं, फक्त उत्तर. नूर अगोदर गेलं, सुलतान थोडा वेळ ओल्यात दिसत राहिलं. तिनं आस्ताना लिहिलं आणि खाली शमीम. म्हणजे पहिल्यांदा ह्यांनी लिहिलं होतं तेच. संध्याकाळी मी फळ्यासमोर उभी राहिले, वाचलं, आणि म्हटलं, आम्ही चुकलो होतो. नाना गाडीमागून बाहेर आले, चहा आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्धतीप्रमाणे प्रश्नही पुसला. मग मी लिहिलं, एकही बारमाही नदी नसलेला सगळ्यात मोठा देश कोणता. माझी ओळ उजवीकडे उतरत जाते, ह्यांची सरळ असायची. नाना वाचून म्हणाले, अक्का, उन्हाळ्यात आपली गिरणा पन मोजा त्याच्यात.

आता रोज लिहिते. परवा माझी चूक निघाली, सातवीतल्या मुलीनं काढली, हात पुरेना तर स्टूल दिलं तिला. चूक काढणारं कुणीतरी येत राहो, माझं मागणं आता तेवढंच. खडू खूप आहेत.