तळ तासलेलं बदक

बदरुद्दीन : पालीश मारलं म्हणता? पावणं, हे बदक हाय का लग्नातला सोफा?

आदेश : चाचा, जुन्या रंगाचे पोपडे निघत होते, म्हणून केवळ उजाळा दिला. बेल्ह्याच्या बाजारात भंगाराच्या टेम्पोत ते पत्र्याखाली पडलं होतं. वाटलं, इतकी वर्षं अंधारात राहिलेल्याला थोडा उजेड मिळावा.

बदरुद्दीन : लाकडाला उजेड! असलं चकाकणारं बदक धरणाच्या पाण्यावर सोडलं, तर आभाळातली बदकं थेट मंचरला जाऊन उतरतील. शिकाऱ्यासाठी पाखरू भुलवायचं ह्यानं. माणूस न्हाई.

हसीना : भुललाय की एक. वट्यावर बसून चहा पितोय.

आदेश : माझ्याकडे अशी एकतीस आहेत, चाची. रविवारी पुण्यात त्यांचं प्रदर्शन आहे आणि प्रत्येकाखाली घडवणाऱ्याचं नाव लिहायचं आहे. जुन्नरात हे काम फक्त चाचांचे वडील करीत, असं कळलं. हे त्यांच्याच हातचं आहे, एवढं आपण सांगावं. नावावाचून वस्तू फार एकटी दिसते.

बदरुद्दीन : अब्बांची वळख पोटाखाली. तापल्या खिळ्याचे तीन ठिपके, आन मधी शिशाचा गोळा. कसंबी फेका, पाण्यात सरळच बसायचं. आना हिकडं.

(बदक उलटं करतो.)

बदरुद्दीन : हे काय? पोळपाट?

आदेश : ते... काचेच्या कपाटात कलंडायचं. म्हणून सुताराकडून तळ तासून घेतला.

बदरुद्दीन : वा, राव! पाण्यात बसायचं ते कपाटात बसवलं. आन ठिपके?

आदेश : होते की नव्हते, मी पाहिलंच नाही.

हसीना : एकतीस बदकं जमवली, आन एकाचं पोट न्हाई बघितलं!

बदरुद्दीन : लई शिकलेलं दिसतंय पोरगं. नाव कापून टाकलं, आन आता नाव इचारत गावभर फिरतंय.

आदेश : बोला, चाचा. तेवढा अपराध माझा आहेच. पण मानेच्या वळणात, चोचीच्या रेषेत हाताची सवय उरते. त्यांचं दुसरं एखादं घरात असेल, तर शेजारी ठेवून पाहू या.

हसीना : ते नको इचारू, बाबा.

बदरुद्दीन : इचारू दे. सतरा व्हती. शिकार बंद झाली, कुणीतरी म्हणालं घरं तपासणार. मी भ्यालो. परसात चूल मांडली, एकेक घातलं.

आदेश : आणि वडील?

बदरुद्दीन : शेजारीच बसलं व्हतं. म्हणालं, "पाणी पिलेलं लाकूड हाय, बाळा. दमानं जाळ."