किडनी माझी, सही त्याची

नाही नाही, बसा, जागा आहे — तुमचं कोण आहे आत? सासरे? बरं. माझा धाकटा भाऊ आहे. सकाळपासून छाती उघडून ठेवलीय त्याची, बायपास चाललीय. पण त्याच्या पोटात किडनी आहे ती माझी — हो, माझी, चौदा वर्षं झाली देऊन, हा बघा वण, बघा की, लाजता काय! मग माझ्या वस्तूला धोका असेल तर मला विचारायला नको? मघाशी त्या डॉक्टरला गाठलं. म्हणतो, आजोबा, मशीनवर घेतलं की रक्ताचा दाब पडतो, बसवलेली किडनी जाऊही शकते, पेशंटला सगळी कल्पना दिलीय. त्याला दिली! त्यानं सही ठोकली आणि मोकळा झाला.

आणि मला कळलं कुठं — औषधाच्या दुकानात. अंगानं ती किडनी परकी म्हणून टाकू नये यासाठी रोज गोळ्या लागतात त्याला. दर महिन्याला मीच आणतो, डबीच्या कप्प्यांत वारानुसार भरतो, हातात नेऊन देतो — चौदा वर्षांत एक खाडा नाही. काल दुकानदार म्हणतो, काका, या महिन्याच्या त्यांच्या मुलीनं नेल्या की, उद्या ऑपरेशन ना? तसाच त्याच्या घरी गेलो. भावजयीला धरलं तर म्हणते, हेच म्हणाले, दादाला सांगू नका, तो होऊ देणार नाही.

मी होऊ दिलं नसतं? — नसतंच दिलं! तोंडावर सांगतो. म्हटलं असतं, छातीत दुखतंय तर पडून राहा, जिने चढू नकोस, पण ती सांभाळ. ...असं बघू नका माझ्याकडे. भाऊ नकोय असं नाही. माझी शाळा सुटली, दोन धंदे बुडवले, बायको माहेरी गेली ती गेलीच — जन्मात एक काम धड केलं मी, ते त्याच्या पोटात आहे. आणि तो म्हणतो, दादाला सांगू नका.

ती बघा, नर्स आली बाहेर. तुम्ही विचारा — माझं नाव कागदावर नाही, मला कोण सांगतंय! एवढंच विचारा, लघवी उतरतेय का त्याची. उतरली म्हणजे चालू आहे ती. जा की, उठा —

थांबा. नका विचारू. बसा खाली. तुमचे सासरे बघा तुम्ही.