मच्छरदाणीबाहेरचा माणूस

लेकीला तपासणीसाठी बाळंतपणाच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. पुढे एक पाचव्या महिन्याची सून, तिचा नवरा आणि सासूबाई.

“घरात डास?” नर्सबाईंनी विचारलं.

“हिला एकही चावत नाही,” नवरा म्हणाला. “ही मच्छरदाणीत, मी बाहेर उघडाबंब. सगळे माझ्यावर.”

“बापाचं काळीज हो,” सासूबाई म्हणाल्या.

“परवापासून ताप आहे बापाला,” सून म्हणाली.

“ताप? मग तुम्हाला चावलेला डास पुढे कुठे जाईल?” नर्सबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“पोट भरल्यावर झोपेल.”

“तुमची बायको मच्छरदाणीबाहेर आली की तिला चावेल. तापाचा विषाणू बाळापर्यंत पोचला तर महागात पडेल. आधी तुमचं रक्त तपासून घ्या, आणि आजपासून तुम्हीही मच्छरदाणीत.”

“हिच्या?”

“वेगळ्या. काही विषाणू डासाशिवायही नवऱ्याकडून बायकोकडे जातात.”

“ते कसे हो?” सासूबाईंनी विचारलं.

“ह्यांना ठाऊक आहे.”

नवरा भिंतीवरचं वजनाचं कोष्टक वाचू लागला.

“घरात मच्छरदाण्या दोनच,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे बाहेर आता मी एकटी.”

“जाताना तिसरी घेऊ,” सून म्हणाली. “तसे तुमच्या वाटेला डास जायचे नाहीत, आई. पण बाळाचा प्रश्न आहे.”