दादांचं घर आणि ताईंची लाईन

आजच्या कार्यक्रमाचे आणि आपल्या किनारी वेगवान रेल्वेचेही अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांना निवृत्तीनिमित्त निरोप द्यायला आपण इथे जमलो त्या मार्गआखणी विभागाच्या प्रमुख, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ताई, त्यांचे यजमान, पहिल्या रांगेत ताठ बसलेले ताईंचे थोरले बंधू, आणि सुट्टीची दुपार मोडून आलेल्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटांत आटपायला सांगितलंय. अध्यक्षमहाराज, ताईंशी भांडायला मला कधी पाच मिनिटं पुरली नाहीत, त्यांच्याबद्दल बोलायला कशी पुरतील? तेव्हा सुरुवातीलाच सभागृहाकडून थोडा जास्तीचा वेळ मागून घेतो.

आधीच्या वक्त्यांनी ताईंच्या चिकाटीबद्दल सांगितलं, त्यांच्या करड्या शिस्तीबद्दल सांगितलं. ते सगळं खरं आहे. मी मात्र एकच प्रसंग सांगणार आहे. त्यासाठी ताईंची परवानगी घेतलेली नाही. मागितली असती तर मिळाली नसती. दादांची घेतली आहे.

नव्याने रुजू झालेल्यांना ठाऊक नसेल, म्हणून आधी ओळख. मी पूलवाला. ताईही मला याच नावाने हाक मारतात. मला पाणी दिसलं की पूल बांधावासा वाटतो आणि ताईंना डोंगर दिसला की भोक पाडावंसं. अशी दोन माणसं एकाच मजल्यावर बसवली, तर काय होणार? शिपायाने एकदा मला विचारलं होतं, "साहेब, चहा भांडणाआधी आणू की नंतर?"

तर प्रसंग त्या बंदरगावाचा. आपली लाईन किनाऱ्याने येते आणि त्या गावापाशी अडते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. साधा रस्ता असता तर घरांना वळसा घालून गेला असता. पण आपली गाडी ताशी तीनशेच्या वेगाने जाते, तिला असली वळणं चालत नाहीत. म्हणजे वाटा दोनच. किनाऱ्यालगत उंच पूल बांधायचा आणि समुद्राकडची साठएक घरं उठवायची, नाहीतर डोंगरातून बोगदा काढायचा. बोगद्याला खर्च जास्त, वेळही जास्त. ताईंनी बोगदा आखला. मी अर्थातच पुलाच्या बाजूचा.

आणि मग कुठूनसं बाहेर आलं की त्या साठ घरांत एक घर ताईंच्या सख्ख्या भावाचं आहे.

पुढे काय झालं असेल, ते सांगायला हवं का? "भावाचं घर वाचवायला बाईंनी डोंगर पोखरला," असं छापूनही आलं. ज्यांना बोगदा आणि भुयार यांतला फरक कळत नव्हता, तेही चहाच्या टपरीवर तज्ज्ञ झाले. तेव्हाच्या अध्यक्षांनी (आजचे नव्हेत साहेब, काळजी नसावी) आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"ताई, उगाच ताणू नका," ते म्हणाले. "किनाऱ्यानेच नेऊ. तुमच्या भावाचं घर गेलं की सगळ्यांची तोंडं बंद. उलट लोक तुमचं कौतुकच करतील."

मी जिंकलो होतो. मला पूल मिळत होता. ताईंनी नकाशा गुंडाळला आणि त्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत नकाशा पसरून बसलो होतो, तेवढ्यात दादा दारात आले. दादा बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. धुतलेला सदरा घालून आले होते, पण नखांतलं काळं तेल काही निघालं नव्हतं. मी उठायला लागलो, तर म्हणाले, "बसा साहेब, लपवण्यासारखं काही नाही." आणि बहिणीला म्हणाले, "घेऊन टाक माझं घर. वडिलांनी बांधलं म्हणून काय झालं? तुझ्यावर कुणी बोट रोखलेलं मला चालायचं नाही."

बंधुभगिनींनो, एवढं मोठं मन समोर उभं असताना कुणीही विरघळलं असतं. ताईंचेही डोळे भरले. पण त्या म्हणाल्या, "दादा, तुझं एकट्याचं असतं तर घेतलं असतं. शेजारचं कुटुंब आहे, पलीकडे ती जाळी विणणारी म्हातारी आहे. त्यांना मी काय सांगू? माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून तुम्ही घरं सोडा?"

"म्हणजे माझं घर तुला नको?"

"अशा कारणासाठी नको."

दादा वळले आणि निघून गेले. ताईंनी पुढे केलेलं पाणीसुद्धा प्याले नाहीत.

त्याच दुपारी ताई अध्यक्षांकडे गेल्या. "या तुकड्याचा निर्णय माझ्याकडून काढून घ्या आणि पूलवाल्यांकडे द्या. माझं म्हणणं खोडून काढण्यात त्यांच्याइतका आनंद दुसऱ्या कुणाला होत नाही. ते जे सांगतील ते मला मान्य."

मी गेलो. खोटं कशाला बोलू, खुशीत गेलो. पावसाळाभर त्या गावात मुक्काम ठोकला. दादांच्या घरावरूनच रोज जाणं-येणं होतं. एकदा धो धो पावसात मी त्यांच्या पडवीत शिरलो, तर आतून आवाज आला, "साहेब, उभे राहा हवे तेवढे, पण चहा विचारणार नाही. उद्या तेही छापून येईल."

काय पाहिलं मी तिथे? जिथे आज बोटी नांगरतात, तिथे लोकांच्या आठवणीत बाजार भरत होता. उधाणाचं पाणी रस्ता ओलांडून परसात येत होतं. जमिनीत खोल भोकं पाडून माती तपासली. माझे खांब उभे राहिले असते हो! मी पूलवाला आहे, माझे खांब पडत नाहीत. पण खांबांच्या मागचा किनाराच टिकणार नव्हता. स्टेशन, तिथवरचा रस्ता, विजेचं उपकेंद्र, सगळं समुद्राच्या तोंडात. वर वादळी वाऱ्यात गाडी थांबवावी लागणार ते वेगळंच. म्हणजे लोकांना गाडीची सगळ्यात जास्त गरज असेल, नेमकी त्याच दिवशी गाडी बंद.

मी बोगद्याच्या बाजूने निर्णय दिला. फक्त त्याचं तोंड जरा पलीकडे सरकवलं, गावाच्या विहिरींचे झरे तुटू नयेत म्हणून. ताईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं." एवढ्या वर्षांत त्यांच्याकडून मिळालेलं हे माझं एकमेव प्रशस्तिपत्र.

बोगदा झाला, गाड्या धावू लागल्या. पण लोकांची तोंडं काही बंद झाली नाहीत. संचालकपद ताईंकडे जायला हवं होतं, ते त्या कुजबुजीपायी माझ्याकडे आलं. सगळ्यांत आधी अभिनंदनाला आल्या त्या ताईच. अभिनंदन केलं आणि त्याच दमात माझ्या एका पुलाचा उतार चुकलाय म्हणून सांगितलं. चुकलाच होता.

दादांनी मात्र बोलणं टाकलं. देऊ केलेलं घर बहिणीने परत केलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. त्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं त्यांनी गावात जाहीर केलं होतं.

आणि मग मागच्या वर्षीचं वादळ. किनाऱ्याचा रस्ता सकाळीच पाण्याखाली गेला. डोंगरातल्या वाटेने लोकांना आणून डोंगरामागच्या आपल्या स्टेशनातून आपण गाव रिकामं करत होतो. मी नियंत्रण कक्षात होतो, ताई थेट स्टेशनवर. सगळे आले, एक दादा सोडून. तेव्हा ताई गावात शिरल्या आणि कित्येक वर्षांनी त्या दारात उभ्या राहिल्या. पुढचं संभाषण मला दादांनीच सांगितलंय.

"दादा, चल."

"मी त्या गाडीत बसणार नाही."

"बसू नकोस. उभा राहा. पण चल."

मंडळी, दादा आले आणि शब्दाला जागून संपूर्ण प्रवास उभ्याने केला! आसनं रिकामी होती. धाकटी बहीणही शेजारी उभीच राहिली. हसा, हसा, ताईही हसताहेत.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर दोघं परत गेली. समुद्राकडची ती रांगच राहिली नव्हती. दादांच्या घराच्या मागच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. माणूस मात्र एकही दगावला नाही. गाड्या रात्रंदिवस चालू होत्या, बोगद्यात पाण्याचा थेंब नव्हता. दादांनी ते सगळं फिरून पाहिलं. मग बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी लाईन इथून गेली असती, तर आम्ही बाहेर कसे पडलो असतो गं?"

ज्यांनी बोटं रोखली होती, त्यांच्यातल्या किती जणांनी ती खाली घेतली, ठाऊक नाही. मी विचारायला गेलो नाही. ताईंनाही त्याची गरज पडली नाही.

आता गाव डोंगराच्या पलीकडे, उंचावर वसतंय. मध्यंतरी दादा म्हणाले, "माझ्या घराची जागा तूच आखून दे." ताईंनी साफ नकार दिला, नोकरीत असेपर्यंत त्या गावातली एक रेघसुद्धा काढणार नाही म्हणाल्या. काल निवृत्तीच्या कागदांवर सह्या करून झाल्यावर माझ्यासमोरच त्यांनी भावाला फोन लावला.

"दादा, आजपासून मी कुणाची साहेब नाही. नुसती तुझी बहीण आहे. सोमवारी मोजायची टेप घेऊन येते, जागा साफ करून ठेव."

या दोघांना इथे एकत्र बसवणाऱ्या संयोजकांचे, शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आणि घड्याळाकडे पाहूनही चिठ्ठी न पाठवणाऱ्या अध्यक्षांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागेल असं काही निघून गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि ताई, तुमच्याबद्दल काही जास्त चांगलं बोललो असेन, तर तेवढं मात्र परत घेणार नाही.