त्रेचाळीस घरांचा एकच नंबर

आजच्या सभेचे अध्यक्ष राजकुमारजी, ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती गटशिक्षणाधिकारी ढोकणे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, व्यासपीठावरचे केंद्रप्रमुख, समोरचे गुरुजन, आणि मागं ताडपत्रीवर बसलेली माझी तांड्याची माणसं, सर्वांना रामधन राठोडचा नमस्कार.

आधी एक हिशेब सांगतो, मग गुण गातो. कोरोनात शाळा बंद असताना पालकांना एक सूचना पाठवायची, तर साहेबांच्या कार्यालयात एक बटन दाबावं लागायचं. तीच सूचना आमच्या तांड्यावर समजून घ्यायला वीस माणसांचा अर्धा दिवस जायचा. आणि त्यातली एक सूचना एका पोरीला पाच वर्षांना पडली.

हे बोलायचं ठरवून आलो नव्हतो. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून दोन गोड शब्द बोलावे, साहेबांना शाल द्यावी, जिलेबी खावी, एवढाच बेत होता. पण आत्ता मानपत्र वाचलं गेलं. टाळ्या वाजल्या. त्यात एक ओळ होती, तुम्हीही ऐकली असेल: "महामारीच्या कठीण काळात तालुक्यातील शंभर टक्के पालकांपर्यंत प्रत्येक सूचना पोहोचवणारे अधिकारी." मी चौथी शिकलेला माणूस. ढाणकीच्या बाजारात पोती वाहून वर आलो, आज माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. शिक्षण कमी असलं तरी कान तिखट आहेत. बाजारात आवाजावरून माणूस ओळखावा लागतो. आमच्या तांड्यात कोणाच्या घरी भांडं वाजलं, तरी मला आधी कळतं. म्हणून ती ओळ माझ्या कानात अडकली, ती काही निघेना.

शंभर टक्के कसे झाले, ते सांगू का?

लॉकडाऊन लागला तेव्हा कार्यालयानं प्रत्येक पालकाचा मोबाइल नंबर मागवला. तांड्यात शाळेत जाणारी त्रेचाळीस घरं. स्मार्टफोन एक, माझा. आता आमची रीत अशी की बाहेरून तांड्यात काहीही येऊ द्या, सोयरिकीचा सांगावा असो की पोलीस पाटलाचं बोलावणं, ते आधी नायकाच्या ओट्यावर येतं. तिथून घराघरात जातं. नायक मीच. म्हणून आमच्या शाळेच्या दीपा मॅडम वही घेऊन दारोदार फिरल्या तेव्हा ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांनीही सांगितलं, "नायकाचा लिहा." मॅडम म्हणाल्या, अहो प्रत्येकाचा वेगळा पाहिजे. उत्तर ठरलेलं, "आमाले काय सांगाचं ते नायकालेच सांगा."

त्रेचाळीस नावांपुढं एक नंबर. यादी वर गेली. कोणी वाचली का? वाचली असती, तर दहावीस ओळींनंतर तरी कोणाला वाटलं नसतं का, की हे पालक फार एकसारखे दिसतात?

मग सूचना सुरू झाल्या. यंत्र प्रत्येक नावाला वेगळा संदेश पाठवायचं. एक सूचना माझ्या फोनवर त्रेचाळीस वेळा वाजायची. दिवसाला पाच सूचना, म्हणजे दोनशे पंधरा वेळा. माझी बायको म्हणाली, "हा डबडा इहिरीत फेकून देईन एखाद्या दिवशी." मी हसण्यावारी नेलं. सूचना काय असायच्या? "पाल्यास अभ्यासासाठी स्वतंत्र व शांत खोली उपलब्ध करून द्यावी." ज्या घरात एक खोली आणि तिच्यात सात माणसं, त्या घरानं कोणाला बाहेर काढावं? "हात धुतानाचे छायाचित्र पाठवावे." आमच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. आमचा देवीलाल म्हणाला, "नायक, फोटू काढून घे, पन पानी सांडू नको." हसता काय, तो खरंच म्हणाला.

तरी आम्ही ऐकत होतो. माणसं अर्धी मजुरी बुडवून ओट्यावर बसायची, मी अक्षर अक्षर लावून वाचायचो. पोरांची शाळा सुटू नये, एवढीच भीती.

आता त्या पोरीचं. रंजिता. रामीबाईची मुलगी. रामीबाई ताडपत्रीवर तिसऱ्या रांगेत बसली आहे, हिरव्या पदराची. नवरा गेला तेव्हा रंजिता तिसरीत. दोघी मायलेकी कापूस वेचायच्या, आणि पोरगी वेचता वेचता पाढे म्हणायची. सातवीला शाळेत पहिली आली. आठवीपासून मुलींच्या निवासी शाळेत तिचा नंबर लागला. तांड्यातून तिथं जाणारी पहिली मुलगी. रामीबाईनं तिच्यासाठी पत्र्याची पेटी घेतली होती.

चार ऑगस्टला सूचना निघाली: निवड झालेल्या मुलींच्या पालकांनी सात दिवसांत संमती कळवावी, अन्यथा जागा पुढच्या मुलीला जाईल. दीपा मॅडमची ड्युटी तेव्हा चेकपोस्टवर. नवव्या दिवशी त्या सुटून आल्या आणि विचारलं, संमती दिली ना? रामीबाई म्हणाली, "कायची संमती?"

दहाव्या दिवशी आम्ही तिघं साहेबांच्या कार्यालयात. साहेब, आठवतं? तुम्ही खुर्चीतून उठलातसुद्धा नाही, संगणक आमच्याकडे वळवलात. म्हणालात, "नायक, यंत्र खोटं बोलत नाही. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस पालकांना पोहोचली."

मी म्हटलं, "साहेब, यंत्र खरंच बोलून राह्यलं. पण एकाच माणसाशी त्रेचाळीस वेळा बोलून राह्यलं."

तुमचे बाबू हसले. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, नंबर तुम्हीच दिले. बरोबर आहे, आम्हीच दिले. मग तुम्ही पेन उचललं आणि रंजिताच्या कागदावर दोन शब्दांचा शेरा मारलात: "पालक उदासीन."

रामीबाईला वाचता येत नाही. तिनं बाहेर आल्यावर मला विचारलं, "काय लिवलं जी?" मी अर्थ सांगितला. ती रस्त्याच्या कडेला बसली. म्हणाली, "मले सूचना आली असती, नायक, त मी कायले नाही म्हणलं असतं?"

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. निवासी शाळेच्या बाईंनी शेरा वाचला आणि विचारलं, आईलाच नको असेल तर कशाला जागा अडवता? त्या दसऱ्याला रंजिता मायसोबत ऊसतोडीला गेली. तेव्हापासून दर दसऱ्याला जाते. आज अठराची आहे. बाहेरून दहावीला बसायचं म्हणते. तिचे कागद जिथं जातील, तिथं हा शेरा सोबत जाईल.

राजकुमारजी, तुम्ही दोनदा घड्याळ पाहिलंत. संपवतो.

साहेब, सेवेची सदतीस वर्षं तुम्ही केलीत. वर्गखोल्यांना पत्रे मिळवून दिलेत, तेही मी विसरलो नाही. त्याबद्दल तांड्याच्या वतीनं ही शाल. पण आज महिन्याची शेवटची तारीख आहे. पाच वाजेपर्यंत तुमची सही चालते. रंजिताची फाइल मी मागवून घेतली आहे, टेबलावर त्या हारांखाली आहे. वहिनीसाहेबांच्या देखत मागतो. "पालक उदासीन" या शब्दांवर रेघ मारा आणि खाली सही करा. रामीबाईच्या अंगी दुसरा कुठला दोष असेल, उदासीनपणा नाही.

ज्यांनी मला बोलायला उभं केलं त्यांचे आभार, ज्यांनी ऐकून घेतलं त्यांचे जास्त आभार. भरल्या मांडवात कडू बोललो, मंगल दिवशी बोलू नये ते बोललो. सभेनं ते पोटात घालावं. जिलेबीवर राग काढू नका.

आणि साहेब, रेघ मारल्यावर ती जागा रिकामी ठेवता येत नसेल, तर तिथं माझं नाव लिहा. हे मी रामीबाईलाही आज तुमच्यासोबतच सांगतो आहे. पाच वर्षं सांगायची हिंमत झाली नाही. ती सूचना चार ऑगस्टला सकाळी अकरा वाजता माझ्या फोनवर आली होती, त्रेचाळीस वेळा. तीन ऑगस्टला मी फोनचा आवाज बंद करून तो नऊ दिवस गव्हाच्या कोठीवर ठेवून दिला होता.