राजाची सही

अरे, काल आमच्या मुक्तानं इथे ओमानमधल्या शाळेत काय केलं, ऐका तर! मुलांचं मॉक पार्लमेंट होतं, आम्ही पालक बघायला गेलो होतो. एका प्रांताला देशातून फुटून निघायचं होतं. मुक्ताला राजा केलेलं, कारण ती बोलायला लाजते आणि राजाला शेवटी फक्त सही करायची होती.

कडाक्याचं भांडण झालं, ठराव एका मताच्या फरकानं पास झाला, पोरं बाकं बडवायला लागली. सरांनी कागद पुढे केला. मुक्तानं पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"एका मतानं देश तोडायचा? मी सही नाही करणार."

माझ्या शेजारी बसलेले, अरबी शिकवणारे ओमानी सर माझा हात धरून कुजबुजले, "आमच्याकडे सुलतानाची सही नाही, तर कायदा खलास!"

मुक्ताचे सर गडबडले. "अगं, आपल्या या खेळातल्या देशाचा राजा कधी नाही म्हणत नाही. त्याची संमती ही नुसती रीत असते."

मुक्ता ताडकन उभी राहिली. "मग सर, त्याला विचारता कशाला?"

सरांनी कागद मागे घेतला. ठराव पुन्हा चर्चेला गेला आणि चक्क पडला!